दोन सेकंदांचा होकार

१

सांडूसर सव्वीस एप्रिलला गेले. त्यांना पोचवायला मी स्वतः गेलो होतो. म्हणून तेवीस ऑगस्टच्या शनिवारी संघपालनं माझ्यासमोर ठेवलेला कागद मी तीनदा वाचला, आणि चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला.

'कन्नड दप्तर, रुमाल क्रमांक नऊ. प्रतिमा ६१२. कायमच्या काढून टाकण्यास मान्यता. मान्यता देणार: सांडू गायके, दप्तरप्रमुख. दिनांक अकरा जुलै.'

"सर, मेलेला माणूस मंजुरी देतो व्हय?" संघपाल म्हणाला. तो दौलताबादहून रोज बसनं येतो आणि आमच्या संस्थेत जुन्या कागदांच्या प्रतिमा काढतो. 

आमची संस्था मराठवाड्यातली मोडी आणि फारसी दप्तरं जमवते. कापडात बांधलेल्या एका गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रुमाल नऊ कन्नडच्या एका घराण्यानं दिला होता.

"काय गेलं त्यातलं?"

"पाठीमागची बाजू. समद्या पानांची. यंत्राला ती कोरी दिसली. कोरी नाय सर, शाई उडालेली होती. सांडूसर भिंगातून एकेक ओळ काढायचे."

"मूळ कागद?"

"भुगा. स्कॅन करतानाच हातात येत होता. आन् राखीव प्रत तीस दिवसच राहते. आज त्रेचाळीस झाले."

मी खुर्चीत बसलो. सहाशे बारा पानं. कोणी कोणाला लिहिलेल्या ओळी होत्या, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

आमच्या संगणकांचा कारभार दोन वर्षांपासून एक प्रणाली पाहते. ती कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालते, आम्ही तिला 'कारभारी' म्हणतो. कोणाला काय उघडता येईल, कुठली प्रत किती दिवस ठेवायची, ते कारभारी ठरवतो. मात्र काही कायमचं पुसायचं असेल, तर माणसाचा होकार लागतो. शिवाय कारभारीनं आठवडाभरात केलेल्या बदलांची यादी दर शनिवारी एका बाहेरच्या माणसानं वाचून सही करायची, असाही नियम आहे. होकार घेऊन पुसलेलं मात्र त्या यादीत येत नाही. तो बाहेरचा माणूस म्हणजे मी, वैजनाथ, निवृत्त ग्रंथपाल. या कामाला माझ्याहून जाणता कोणी मिळाला नसावा.

मी सचिव नानासाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वैजनाथराव, बुधवारी गणपती बसतायत. मंगळवारी बैठक घेतो. चौकशी तुम्हीच करा, बाहेर बोभाटा नको. आणि ठराव ठाऊक आहे ना?"

ठराव मला पाठ होता. यंत्राला जबाबदार धरता येणार नाही. चूक झाली, तर माणसाचं नाव आलं पाहिजे. नाव निघालं नाही, तर जबाबदारी प्रणाली सांभाळणाऱ्याची. म्हणजे नोकरी जाणार आणि पोलिसांत तक्रार होणार.

प्रणाली तनुजा सांभाळत होती. आणि गेलेल्या माणसाचं खातं आतून उघडता येईल, अशी संस्थेत तेवढी एकच व्यक्ती होती.

२

तनुजा सत्तावीस वर्षांची. कन्नडची मुलगी, इथं मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. मला ती काका म्हणते. मी तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिनं नोंदी काढून ठेवल्या होत्या.

"बसा काका. आरोपीच्या हातचा चहा चालेल ना?"

"असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? सकाळपासून कोणी माझ्याकडं सरळ बघत नाय. संघपालदादासुद्धा नाय."

मी चोरट्यासारखा तिच्याकडं सरळ पाहण्याचा प्रयत्न केला. तिनं पडदा माझ्याकडं वळवला.

"हे बघा. कारभारीनं सांडूसरांच्या खात्यावर विचारणा पाठवली, तीन वाजून दहा मिनिटं चार सेकंद. 'ही पानं कोरी आहेत, काढू का?' आणि हा होकार."

मी होकाराची वेळ वाचली. तीन वाजून दहा मिनिटं सहा सेकंद.

"दोन सेकंद," मी म्हणालो.

"व्हय."

"दोन सेकंदांत ही विचारणासुद्धा वाचून होत नाही. पानं तर सहाशे आहेत."

"तेच म्हणते मी. मी केलं असतं तरी मला माऊस हलवायला वेळ लागला असता ना?" तिचा आवाज चिरका झाला. "पण होकार कुठल्या संगणकावरून आला, ती जागा रिकामी आहे. आणि अशी रिकामी नोंद फक्त मी करू शकते. म्हणजे फिरून माझ्यावरच येतं."

"पण सांडूसरांचं खातं अजून चालू कसं?"

तिनं दुसरी नोंद काढली. 'नऊ मे. सचिवांच्या तोंडी सूचनेनुसार सांडू गायके यांचे खाते व अधिकार यांची मुदत एक वर्षाने वाढवली.'

 समोरचा चहा तसाच होता, मी पाण्याचा पेला उचलला.

"नानासाहेब कारभारीशी बोलूनच काम करतात," ती म्हणाली. "त्यांना टाइप करायला नको असतं. त्यांच्या आवाजाची नोंद होती, पण ती नव्वद दिवसांनी पुसली जाते. सात ऑगस्टला गेली."

मी तिथूनच नानासाहेबांना फोन केला. तनुजाला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"मुदत वाढवली? मी?" नानासाहेब ओरडले. "अहो, नऊ मेला मी त्या खोलीत एवढ्याचसाठी गेलो होतो! सांडूसरांचा चौदावा नुकताच झाला होता. ते खातं संपवायला सांगून आलो मी. पोरगी खोटं बोलते!"

 तनुजानं पडदा बंद केला.

३

रविवारी संस्थेला सुट्टी, पण संघपाल आला होता. रुमाल नऊचं रिकामं कापड तो घडी घालून ठेवत होता. मी घाबरत घाबरत विचारलं, कारण कोणावर संशय घ्यायचा म्हणजे मलाच अपराध्यासारखं होतं.

"संघपाल, जून महिन्यात तू अर्ज दिला होतास. जागा पुरत नाही, जुन्या प्रतिमा कमी करा म्हणून."

"दिला होता. मग?"

"सांडूसरांशी तुझं भांडणही झालं होतं."

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "लई येळा झालं. ते म्हणायचे पाठीमागची बाजू पुन्हा काढ, उजेड तिरपा धर. तीन-तीन येळा काढली मी ती पानं, सर. माझ्या हातानं पुसीन मी?"

मला लाज वाटली. उठावं की बसावं ते कळेना. त्यानंच मग आवाज खाली आणला.

"एक सांगू का? सरांनी मरायच्या आधी एक केलं होतं. फेब्रुवारीत दवाखान्यात होते ना. कारभारीच्या विचारणा तिथं फोनवर यायच्या, दिवसाला वीस-वीस. हाताला सुई, बोलायला त्राण नाय. एक दिवस मी तिथंच बसलो होतो. फोनवर म्हणाले, 'अरे बाबा, नेहमीच्या कामाला माझ्या वतीनं तूच हो म्हणत जा.'"

"कोणाला म्हणाले? तुला?"

"मला कशाला? कारभारीला."

मी तनुजाला फोन केला. ती अर्ध्या तासात आली आणि शोधायला बसली. सापडायला फार वेळ लागला नाही. अठरा फेब्रुवारी. 'खाते चालू असेपर्यंत नेहमीच्या विचारणांना खातेदाराच्या वतीने होकार द्यावा.'

ती पडद्याकडं पाहत राहिली.

"म्हणजे काका... विचारलं कारभारीनं."

"हो."

"आणि सांडूसर म्हणून उत्तरही कारभारीनंच दिलं. कोरी पानं काढणं त्याच्या लेखी नेहमीचंच काम."

खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याकडं पाहवेना. प्रत्येक पुसण्यामागं माणूस आहे, असं आम्ही इतके दिवस छातीठोक सांगत आलो होतो. अकरा जुलैला त्या जागी कोणीही नव्हतं. यंत्रानं स्वतःलाच परवानगी मागितली होती, आणि दोन सेकंदांत दिली होती.

"मग सुटली ना ही?" संघपाल म्हणाला.

"नाय दादा," तनुजा म्हणाली. "खातं मेमध्येच बंद झालं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. ते कोणी चालू ठेवलं, तिथंच येऊन थांबतं. आणि तिथं नानासाहेब मला खोटं ठरवतायत."

४

शहागंजात नानासाहेबांचं बांगड्यांचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. त्याच दुपारी मी तिथं गेलो. गणपतीच्या आधीचा रविवार, पाय ठेवायला जागा नव्हती. काम करणाऱ्या आवडाबाई एका नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत होत्या.

"या, या वैजनाथराव! आवडाबाई, सरांना स्टूल द्या. जरा थांबा हं, एवढं गिऱ्हाईक बघतो."

तेवढ्यात नवरीच्या हातातली एक बांगडी कट्कन तडकली. तिच्या आईचा चेहरा उतरला.

"वाढली, वाढली! काही नाही," नानासाहेब हसत म्हणाले. "वाढलेली बरी असते ताई. आवडाबाई, दुसरी घ्या."

गर्दी ओसरल्यावर मी विषय काढला. नानासाहेबांचं हसू मावळलं.

"साफ सांगतो, मी त्या यंत्राला सांगितलं. सांडूसर माझे दोस्त होते. त्यांचं नाव पडद्यावर दिसायचं, तर जीव तुटायचा. चौदावा उरकला आणि म्हटलं, आता हेही उरकून टाकावं."

"काय शब्द वापरलेत?"

"आता शब्द कुठं आठवतात? जे बोलतात तेच बोललो असेन."

"मग नोंदीत उलटं कसं आलं?"

"पोरीनं बदललं असेल. नाहीतर यंत्र बिघडलं असेल." ते माझ्याकडं झुकले. "असं करा ना, यंत्राचीच चूक लिहा. त्याला ना बायको, ना पोरं. कुणाचं वाईट नाही, मामला खतम."

"ठरावाप्रमाणे मग जबाबदारी तनुजावर जाते."

"ते ठरावाचं बघू. पोरगी तरुण आहे, दुसरी नोकरी मिळेल."

"पोलिसांत नाव गेल्यावर?"

 ते बांगड्यांचं एक खोकं सरकवायला उठले. मीही उठलो, कारण पुढं काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. असं मला फार वेळा होतं.

"उद्या संस्थेत या," मी कसंबसं म्हणालो.

"उद्या? उद्या तर लई गर्दी. दुपारी जेवायला दुकान वाढवतो, तेव्हा येतो."

दोन्ही वेळा मी तो शब्द ऐकला होता. ऐकला आणि रस्त्यावर आलो, रिक्षात बसलो, घरी गेलो. बाराखडी शिकलो तेव्हापासून मी शब्दांतच राहतो. पण तो शब्द माझ्या कानावरून तसाच निघून गेला.

५

सोमवारी सकाळी तनुजाच्या टेबलावर राजीनाम्याचा कागद होता.

"सही केली नाय अजून," ती म्हणाली. "आईला काय सांगू, तेवढं ठरत नाय."

"नानासाहेब म्हणतात, यंत्र बिघडलं असेल."

तिनं कागद टेबलावर आपटला. "यंत्र बिघडलेलं नाय! शंभर वेळा तपासलं मी. काका, 'बंद कर' आणि 'वाढव' यातला फरक त्याला चांगला कळतो!"

मी उभाच राहिलो.

"काय झालं?"

"त्याला कळतो," मी म्हणालो. "नानासाहेबांना कळत नाही. म्हणजे, त्यांच्याकडं तो फरकच नाही."

दुपारी दुकान 'वाढवून' नानासाहेब आले. संघपालही आला. तनुजानं कारभारीचे हात बांधून ठेवले होते, म्हणजे तो फक्त ऐकेल आणि काय करणार ते सांगेल, प्रत्यक्ष काही करणार नाही.

"नानासाहेब," मी म्हणालो, "नऊ मेला जसं बोललात तसंच बोला. आठवू नका. नुसतं सांगा."

"हा काय पोरखेळ?" पण ते पडद्यासमोर वाकले, घसा खाकरला आणि रोजच्या सुरात म्हणाले, "सांडूसरांचं खातं तेवढं वाढवून टाक बाबा."

पडद्यावर अक्षरं उमटली. 'सांडू गायके यांच्या खात्याची मुदत वाढवत आहे. कालावधी सांगितला नाही, म्हणून नेहमीप्रमाणे एक वर्ष.'

नानासाहेबांनी ती ओळ वाचली. मग परत वाचली. त्यांचा हात टेबल शोधायला लागला.

"अरे... वाढव म्हणजे..."

"दुकान वाढवणं," मी म्हणालो. "नारळ वाढवणं. बांगडी वाढणं. काल दुकानात तुम्ही फुटली म्हणाला नाहीत. बंद, फोड, मोड हे शब्द तुम्ही तोंडातून काढत नाही."

"कसं काढणार?" त्यांचा आवाज बसला होता. "तीन पिढ्या बांगड्या विकतोय. आणि गेलेल्या दोस्ताचं खातं बंद कर, असं म्हणू? जीभ रेटते का?"

"तेव्हा पडद्यावर हीच ओळ आली असणार."

"मी बोललो आणि उठलो. पडदा कोण बघतो?" ते तनुजाकडं वळले.  "बेटा, मी तुला खोटं..."

"राहू द्या," ती म्हणाली. रडू आवरत ती खुर्चीत बसली. मग तिनंच मान वर केली. "पण थांबा. खात्याच्या मुदतीची तोंडी सूचना कारभारी लगेच पक्की करत नाय. ती शनिवारच्या यादीत जाते. माणसानं वाचून सही केली, तरच ती लागू होते."

"मग?" नानासाहेब म्हणाले. "त्या यादीवर सही कोणाची आहे?"

संघपालनं माझ्याकडं पाहिलं. शनिवारपासून मी ज्या प्रश्नाला वळसे घालत होतो, तो आता खोलीच्या मधोमध उभा होता.

"माझी," मी म्हणालो.

६

ती नोंद मला आठवत नव्हती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. शनिवारी तनुजानं पडद्यावर 'मुदत वाढवली' दाखवलं, तेव्हाच ती मला आठवली होती. तरी मी संघपालला त्याच्या भांडणाबद्दल विचारलं, बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसलो. दुसऱ्या कोणाचं तरी नाव निघेल, असं मला वाटत राहिलं.

मंगळवारी सकाळी बैठकीआधी मी अहवाल हातानं लिहून काढला. नानासाहेब शेजारी येऊन बसले. दोन दिवसांत त्यांचं वय वाढल्यासारखं दिसत होतं.

"वैजनाथराव, अजून वेळ आहे. यंत्राला भाषा कळली नाही, एवढंच लिहा. तुमचं नाव वाचेल, माझंही वाचेल. पोरीचं आपण बघून घेऊ."

"कसं बघणार?"

  मी 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात आधी माझं नाव लिहिलं आणि खाली त्यांचं. त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या.

"लिहिलंत," ते म्हणाले. मग पेन मागितलं आणि आपल्या नावासमोर सही केली.

माझ्या नावापुढं मी कारण लिहिलं होतं: 'दहा मेची यादी न वाचता सही केली.'

बैठक सुरू व्हायला थोडाच वेळ होता, तेव्हा तनुजा आत आली. राजीनाम्याचा कागद तिच्या हातात नव्हता. तिच्यावरचं बालंट टळलं आहे, हे तिला कळलं होतं. ती माझे आभार मानायला आली आहे, असं मला वाटलं आणि मी अवघडलो. माझ्यासमोर तिनं एक छापील पान ठेवलं.

"अहवालाला जोडायला नोंदी काढत होते काका. यादी वाचताना कोण कुठल्या ओळीवर किती वेळ थांबलं, तेही कारभारी लिहून ठेवतो. मलाही आजच कळलं."

दहा मे. एकूण ओळी एक्केचाळीस. बहुतेक ओळींवर आठ-दहा सेकंद. ओळ सतरा: सांडू गायके, खाते व अधिकार, मुदतवाढ एक वर्ष. चार मिनिटं अकरा सेकंद.

"तुम्ही न वाचता सही केली नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"मग चार मिनिटं काय करत होतात?"

मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. "गेलेल्या माणसाची मुदत कशाला वाढवतात, असं मनात आलं होतं. विचारावं असं वाटलं. मग वाटलं, यात काही तांत्रिक असेल, आपल्याला काय कळतंय. उगीच हसं होईल."

 मी पेन उचललं, 'न वाचता' या शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'वाचून, शंका येऊनही कोणाला न विचारता.' अक्षर वाकडं आलं.

तनुजानं ते वाचलं. कागद उचलताना ती दारापाशी थांबली.

"त्या दिवशी मी शेजारच्याच खोलीत होते, काका," ती म्हणाली, आणि अहवाल घेऊन बैठकीच्या खोलीकडं गेली.